जपानी काष्ठछाप हातात घेताना : शिन-हांगा आणि सोसाकु-हांगा पाहण्याची, पारखण्याची आणि जपण्याची रीत

टोकियोतील झोजोजी मंदिराचा लालभडक दरवाजा, तिरपा कोसळणारा बर्फ आणि त्यातून छत्री आडवी धरून चाललेली एक स्त्री. कावासे हासुइ यांचे १९२५ सालचे हे चित्र जपानी कलेवरचे एकही पुस्तक न उघडलेल्या माणसानेही कुठे ना कुठे पाहिलेले असते. मात्र असे लोकप्रिय चित्र विक्रीला येते तेव्हा समोरचा कागद चारांपैकी कोणताही असू शकतो: हासुइ हयात असताना छापलेला, त्यांच्या निधनानंतर त्याच प्रकाशनसंस्थेने छापलेला, नव्याने कोरलेल्या ठशांवरून काढलेली प्रतिकृती, किंवा यंत्रावर छापलेले साधे पोस्टर. मोबाइलच्या पडद्यावर हे चारही सारखेच दिसतात. कागद हातात घेऊन तो कसा वाचायचा हे ठाऊक असेल तरच त्यांतला फरक कळतो, आणि तो फरक कळू लागला की चित्राचा आनंदही कितीतरी वाढतो.

या लेखात मी विसाव्या शतकातील जपानी काष्ठछापांपुरतेच, म्हणजे कोरलेल्या लाकडी ठशांवरून कागदावर छापलेल्या चित्रांपुरतेच, बोलणार आहे. होकुसाई आणि हिरोशिगे यांच्या काळातील उकियो-ए, म्हणजे त्याआधीची पारंपरिक छापचित्रे, हा स्वतंत्र विषय आहे आणि त्याची पारख वेगळ्या खुणांवर चालते. पुढच्या पायऱ्या क्रमाने पाळाव्यात, कारण त्यांचा क्रम एका अनुभवसिद्ध नियमावर बेतला आहे: आधी कागद, मग रंग आणि दाब, मग समास, आणि चित्रकाराचे नाव सर्वांत शेवटी वाचावे.

पहिली पायरी : दोन प्रवाह वेगळे ओळखा

आधुनिक जपानी काष्ठछापांचे दोन मुख्य प्रवाह आहेत आणि त्यांना एकच माप लावले की पारख चुकते.

पहिला प्रवाह शिन-हांगा, म्हणजे ‘नवे छापचित्र’. यात जुनी श्रमविभागणी कायम राहिली: चित्रकार चित्र काढतो, कोरणारा लाकूड कोरतो, छापणारा कागदावर छापतो, आणि या तिघांना एकत्र आणून पैसा घालणारा प्रकाशक हा चौथा. या चळवळीचा कर्ता प्रकाशक वातानाबे शोझाबुरो (१८८५–१९६२). विशेष हे की त्याच्या सुरुवातीच्या चित्रकारांत परदेशी माणसे होती. १९१५ मध्ये ऑस्ट्रियाचा फ्रिट्झ कापेलारी याच्या चित्रांवरून त्याने काष्ठछाप काढले, आणि १९१६ मध्ये इंग्रज चित्रकार चार्ल्स बार्टलेट याचे. बार्टलेट भारतात फिरून जपानला पोहोचला होता, त्यामुळे शिन-हांगाच्या अगदी पहिल्या वर्षांतच ताजमहाल, बनारस आणि उदयपूर जपानी चेरीच्या लाकडावर कोरले गेले. त्याच सुमारास हाशिगुची गोयो आणि इतो शिन्सुइ यांची स्त्रीचित्रे आली, १९१८ पासून हासुइंची निसर्गदृश्ये आली, आणि ओहारा कोसोन यांचे पक्षी तर मुख्यतः परदेशी ग्राहकांपर्यंत पोहोचले.

दुसरा प्रवाह सोसाकु-हांगा, म्हणजे ‘सर्जनशील छापचित्र’. त्याचे ब्रीद सोपे होते: स्वतः रेखाटा, स्वतः कोरा, स्वतः छापा. यामामोतो कानाए यांनी १९०४ मध्ये कोरलेल्या कोळ्याच्या छोट्या चित्रापासून या प्रवाहाची सुरुवात मानतात. पुढे ओनची कोशिरो (१८९१–१९५५) या प्रवाहाचा केंद्रबिंदू झाले, आणि १९३९ पासून त्यांच्याभोवती दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी जमणाऱ्या मंडळातून पुढची पिढी घडली. मुनाकाता शिको, साइतो कियोशी, हिरात्सुका उनइची आणि सेकिनो जुनइचिरो ही या प्रवाहातली ठळक नावे.

या दोन्हींच्या मध्ये योशिदा हिरोशी (१८७६–१९५०) उभे राहतात, आणि परदेशातील कौतुकाची गोष्ट त्यांच्याशिवाय सांगता येत नाही. १८९९ मध्ये ते जलरंगचित्रे घेऊन अमेरिकेला गेले होते. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपानंतर लागलेल्या आगीत वातानाबेचे दुकान, ठसे आणि छापांचा साठा भस्मसात झाला; हासुइंच्या रेखाटनवह्या गेल्या आणि योशिदांचे ठसेही गेले. योशिदा पुन्हा अमेरिकेला गेले, तिथे छापचित्रांना किती मागणी आहे हे त्यांनी पाहिले, आणि परतल्यावर १९२५ पासून स्वतःचे कोरणारे आणि छापणारे पदरी ठेवून स्वतंत्र कार्यशाळा चालवली. ते अधूनमधून स्वतः कोरत, आणि छपाईवर त्यांची देखरेख इतकी कडक असे की दोन्ही प्रवाह त्यांना आपले म्हणू शकतात.

दुसरी पायरी : हे परदेशी लोकांनी का घेतले ते समजून घ्या

ही पायरी केवळ इतिहासाची वाटेल, पण खरेदी करणाऱ्याला तिचा थेट उपयोग आहे. शिन-हांगा जपानमध्ये निर्माण झाले तरी त्याचा मोठा ग्राहक बाहेरचा होता. १९३० मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये अमेरिकेतील टोलेडो कलासंग्रहालयाने आधुनिक जपानी छापांची मोठी प्रदर्शने भरवली. पहिल्या प्रदर्शनात दहा चित्रकार होते आणि त्याच्या उभारणीत योशिदांचा मोठा हात होता. अमेरिकन संग्राहक रॉबर्ट मुलर यांनी आयुष्यभर जमवलेले चार हजारांहून अधिक छाप त्यांच्या मृत्यूनंतर वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधील सॅकलर दालनाकडे गेले. राजकन्या डायना यांच्या केन्सिंग्टन राजवाड्यातील कार्यालयात योशिदांचे छाप लावलेले होते, आणि ॲपलचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी हासुइंची चित्रे आवर्जून जमवली.

सोसाकु-हांगाचे भाग्य युद्धानंतर उजळले. जपानवर दोस्त राष्ट्रांचा ताबा होता त्या वर्षांत तिथे आलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांनी ओनची आणि त्यांच्या मंडळातील चित्रकारांचे काम विकत घेतले, आणि मायदेशी त्याची ओळख करून दिली. १९५१ च्या साओ पाउलो द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात साइतो कियोशी यांना पारितोषिक मिळाले. १९५६ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिकात छापचित्रांचे सर्वोच्च पारितोषिक मुनाकातांना मिळाले आणि ज्या कलेकडे मायदेशात दुय्यम म्हणून पाहिले जात होते तिच्याकडे जपानचेही लक्ष गेले.

याचा व्यवहारातला अर्थ असा: उत्तम छाप आज मोठ्या संख्येने अमेरिका आणि युरोपात आहेत, ते तिथल्या सार्वजनिक संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर विनामूल्य पाहता येतात, आणि योशिदांच्या छापांवर खालच्या समासात रोमन लिपीतील पेन्सिलीची सही किंवा इंग्रजी शीर्षक दिसले तर त्यात संशयास्पद काही नाही. ते परदेशी ग्राहकांसाठीच असे.

तिसरी पायरी : छाप कसा तयार होतो ते मनात पक्के करा

आपल्याकडे कापडावर ठसे मारताना ठसा वरून कापडावर दाबतात. जपानी पद्धत नेमकी उलटी आहे: ठसा खाली आडवा ठेवलेला असतो, रंग ब्रशाने त्याच्यावर पसरवतात, ओलसर कागद वर ठेवतात आणि कागदाची पाठ घासतात. छापाच्या जवळजवळ सगळ्या खुणा या एका गोष्टीतून उगवतात, म्हणून ती विसरू नये.

लाकूड पारंपरिकपणे डोंगरी चेरीचे, लाकडाच्या शिरांच्या दिशेने फाडलेल्या फळीचे. चित्रकाराचे रेखाटन पातळ कागदावर उतरवून तो कागद फळीवर उलटा चिकटवतात आणि कोरणारा रेषेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून रेषा उभी ठेवतो. या मुख्य ठशावरून काढलेल्या प्रतींवर कोणता रंग कुठे येणार हे ठरवतात, आणि प्रत्येक रंगक्षेत्रासाठी वेगळा ठसा कोरतात. प्रत्येक ठशावर कागद नेमका त्याच जागी बसावा म्हणून दोन खाचा असतात, एक काटकोनी आणि एक सरळ. या खाचांना केन्तो म्हणतात. कागद दर वेळी या दोन खाचांना टेकवायचा, एवढ्या साध्या युक्तीवर तीस-चाळीस रंगछपाया एकमेकींवर केसभरही न सरकता बसतात. योशिदांच्या काही चित्रांत तर नव्वदहून अधिक वेळा छपाई झालेली आहे.

घासण्याचे साधन म्हणजे बारेन. तळहातात मावेल एवढी ही चकती असते. आत पिळलेल्या दोरीचे वेटोळे आणि वरून बांबूच्या कोंबावरील सालीचे आवरण. रंगात पाणी आणि तांदळाची थोडी खळ असते, तेल मुळीच नसते. म्हणून रंग कागदावर थर करून बसत नाही, तो कागदाच्या धाग्यांत मुरतो. कागद कोझोच्या, म्हणजे कागदी तुतीच्या, सालीच्या लांब धाग्यांचा. त्याला सरस आणि तुरटीच्या पाण्याचा हात दिलेला असतो, तो नसेल तर रंग फुटून पसरतो. एचिझेन भागातील होशो कागद या कामासाठी सर्वांत नावाजलेला. आडव्या फळीवर शेकडो वेळा जोर लावूनही न फाटणारा आणि तरी हाताला कापसासारखा मऊ लागणारा हा कागद मी पहिल्यांदा हातात घेतला, तेव्हा चित्रावरून माझी नजर काही वेळ पूर्ण सुटली होती, हे मला मनापासून सांगावेसे वाटते.

दोन संज्ञा आणखी लक्षात ठेवाव्यात. बोकाशी म्हणजे उतरती छटा: ठशावरच ब्रशाने रंग एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला विरळ करून छापणे. प्रत्येक प्रतीसाठी ती छटा नव्याने हाताने तयार करावी लागते, त्यामुळे दोन प्रतींतले आकाश कधीच तंतोतंत सारखे नसते. काराझुरी म्हणजे रंगाविना छपाई: कोरड्या ठशावर कागद दाबून नुसता उठाव आणणे, पक्ष्याच्या पिसांसाठी किंवा किमोनोच्या पांढऱ्या वेलबुट्टीसाठी.

चौथी पायरी : खरेदीपूर्वी महिनाभर डोळा घडवा

पैसे खर्च करण्याआधी किमान महिनाभर नुसते पाहावे, असे माझे ठाम मत आहे. बॉस्टनचे ललितकला संग्रहालय, शिकागोची कलासंस्था, ब्रिटिश संग्रहालय आणि होनोलुलूचे कलासंग्रहालय यांनी आपले छाप संकेतस्थळांवर मोठ्या आकारात ठेवलेले आहेत. उकियो-ए डॉट ऑर्ग या शोधसेवेत तुमच्याकडचे छायाचित्र टाकले तर अनेक संग्रहांतील त्याच चित्राच्या प्रती एकाखाली एक समोर येतात, आणि पारखीसाठी यापेक्षा उपयुक्त साधन सामान्य माणसाच्या हाती दुसरे नाही.

पहिला अभ्यास म्हणून योशिदांची १९२६ सालची शिडांच्या नौकांची मालिका घ्यावी. बहुतांशी त्याच ठशांवर रंग बदलून त्यांनी सकाळ, दुपार, धुके, संध्याकाळ आणि रात्र अशा वेगवेगळ्या वेळा छापल्या. पाण्यातले प्रतिबिंब कोणत्या प्रतीत टिकते आणि कोणत्या प्रतीत विरते, रेषेचा मुख्य ठसा धुक्यात किती हलका केला आहे, हे टिपून ठेवावे. छापणारा हा चित्राचा दुसरा कर्ता कसा असतो ते या एका मालिकेत जितके उमगते तितके कोणत्याही वर्णनातून उमगत नाही.

दुसरा अभ्यास मराठी वाचकासाठी मुद्दाम सुचवतो. योशिदा १९३० च्या हिवाळ्यात भारत आणि आग्नेय आशियाच्या प्रवासाला निघाले आणि त्यातून पुढील दोन वर्षांत त्यांची भारतमालिका छापून झाली. ताजमहाल, बनारसचे घाट, उदयपूर, अमृतसरचे सुवर्णमंदिर यांच्या जोडीला त्यात वेरूळही आहे. वेरूळ आपण उन्हात प्रत्यक्ष पाहिलेले असते, त्यामुळे त्या काळ्या कातळाची सावली जपानी जलरंगाने कशी पकडली आहे याची पारख आपण एखाद्या युरोपीय संग्राहकापेक्षा अधिक विश्वासाने करू शकतो. सावलीत एकच काळा आहे की निळसर, जांभळट आणि करडे थर एकमेकांवर चढवले आहेत, ते मोठे करून पाहावे.

तिसरा अभ्यास मुनाकातांचा. त्यांचे १९३९ सालचे ‘शाक्यमुनीचे दहा महाशिष्य’ पाहताना शारिपुत्र, मौद्गल्यायन, आनंद ही नावे आपल्याला परकी नाहीत. बोकाशी नाही, नाजूकपणा नाही. काळे आणि पांढरे समोरासमोर उभे ठाकलेले. दृष्टी अधू असल्याने मुनाकाता चेहरा लाकडाला जवळजवळ टेकवून, विलक्षण वेगाने कोरीत, आणि तो वेग त्या पांढऱ्या रेघांत दिसतो. हासुइंच्या बर्फाला लावलेली सफाईची कसोटी इथे लावली तर हातात काहीच येणार नाही.

पाचवी पायरी : समोरची बाजू तिरप्या उजेडात पाहा

छाप सपाट, स्वच्छ टेबलावर ठेवावा. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, आणि कागद नेहमी समोरासमोरचे दोन कोपरे धरून उचलावा, म्हणजे मध्ये मोड पडत नाही. खिडकीचा किंवा दिव्याचा उजेड वरून न घेता बाजूने, कागदाला जवळपास समांतर येऊ द्यावा.

या उजेडात तीन गोष्टी शोधाव्यात. पहिली, काराझुरीचा उठाव आणि रेषांजवळ कागद किंचित दबलेला असणे. यंत्रावरच्या छपाईत पृष्ठभाग सर्वत्र सपाट असतो. दुसरी, मोठ्या एकरंगी क्षेत्रात बारेनच्या गोलाकार फिरण्याच्या अस्पष्ट खुणा. जुन्या छापखान्यात हा दोष मानला जाई. वातानाबेच्या छापणाऱ्यांनी मात्र तो मुद्दाम राखला आणि आकाशाला, पाण्याला त्यातून एक सजीव थरथर दिली. तिसरी, रंगाचा स्वभाव. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून पाहिल्यावर रंग धाग्यांत मुरलेला आणि अखंड दिसला तर ती हाताची छपाई. त्याऐवजी चार रंगांच्या बारीक ठिपक्यांची जाळी दिसली तर ते यंत्रावरचे पुनर्मुद्रण आहे आणि पुढच्या पायऱ्यांची गरजच उरत नाही.

सोसाकु-हांगात काही वेगळेही शोधावे. साइतोंनी प्लायवूडच्या शिरा रंगक्षेत्रात उघड वापरल्या. भिंत, जमीन किंवा पार्श्वभूमी त्या शिरांनीच बोलते. ओनचींनी तर लाकडाच्या जोडीला दोरा, कागद, पाने अशा सापडेल त्या वस्तूंवरून छाप घेतले. अशा कामात कडा किंचित हललेल्या असणे हा दोष धरू नये.

सहावी पायरी : पाठ पाहिल्याशिवाय मत देऊ नका

छाप उलटा करण्याची सवय लागली की निम्मी फसवणूक टळते. जलरंग कागदात मुरत असल्याने गडद भाग पाठीमागून हलकेच झिरपलेले दिसतात, आणि बारेनच्या घासणीने पाठीवरचे धागे चकाकलेले किंवा किंचित उसवलेले असतात. पाठ कोरी, पांढरीशुभ्र आणि गुळगुळीत असेल तर थांबावे.

मुनाकातांच्या बाबतीत पाठीला आणखी महत्त्व आहे. लोककलेचे अभ्यासक यानागी सोएत्सु यांच्या सूचनेवरून त्यांनी काळ्या छापाला पाठीमागून हाताने रंग भरण्याची पद्धत स्वीकारली, त्यामुळे समोर दिसणारा तांबडा किंवा निळा रंग कागदातून आरपार येऊन मऊ झालेला असतो. तो रंग पाठीपेक्षा समोर अधिक ठसठशीत असेल तर तो नंतर कोणी भरला असावा, अशी शंका घ्यावी.

म्हणूनच चौकटीत बंद असलेला छाप मी विकत घेत नाही. एकदा उत्साहाच्या भरात घेतला होता. घरी चौकट उघडल्यावर संपूर्ण छाप जाड पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेला निघाला. पाठ कायमची गेली होती, आणि पुठ्ठ्यातल्या आम्लाने कागद चहाच्या रंगाचा झाला होता. विक्रेत्याने चौकट उघडून दाखवायला नकार दिला, तर नम्रपणे परत फिरावे.

सातवी पायरी : समास, मुद्रा आणि साल वाचा

शिन-हांगात माहिती समासात असते. डाव्या समासात बहुधा शीर्षक आणि साल, चित्राच्या आत कलावंताची सही आणि तांबडी मुद्रा, आणि समासात किंवा चित्राच्या कोपऱ्यात प्रकाशकाची मुद्रा. साल सम्राटाच्या कारकिर्दीनुसार लिहिलेले असते आणि त्याचे गणित सोपे आहे: ताइशो सालात १९११ मिळवावेत, शोवा सालात १९२५. म्हणजे शोवा ५ हे १९३०. जपानी अक्षरे वाचण्यासाठी मोबाइलमधील भाषांतराचे साधन सहीसाठी निरुपयोगी असले तरी छापील सालासाठी बहुतेक वेळा पुरते.

इथे नवशिक्यांची सर्वांत मोठी चूक होते. समासातले साल हे चित्र पहिल्यांदा निर्माण झाल्याचे साल आहे. हातातला कागद त्या साली छापला गेला असे त्यावरून सिद्ध होत नाही. तेच ठसे पुढे अनेक दशके वापरले गेले आणि वातानाबेची संस्था आजही छाप काढते. छपाईचा काळ प्रकाशकाच्या मुद्रेवरून ठरतो. हासुइंच्या युद्धपूर्व छापांवर वातानाबेच्या हक्कनोंदीची उभी आयताकृती मुद्रा समासात आढळते. युद्धानंतर त्यांच्या हयातीत, म्हणजे १९५७ पर्यंत, चित्राच्या खालच्या कोपऱ्यात साधारण ६ मिलिमीटर व्यासाची लहान गोल मुद्रा वापरली जाई. नंतरच्या मुद्रा थोड्या मोठ्या किंवा वेगळ्या आहेत, म्हणून मिलिमीटरची पट्टी जवळ ठेवावी आणि मुद्रेचे मोठे छायाचित्र मागावे. १९२३ च्या भूकंपापूर्वीचे छाप सर्वांत दुर्मिळ आहेत, कारण विकला न गेलेला साठा ठशांसह जळाला.

योशिदांसाठी एक खूण पुरेशी मोलाची आहे. त्यांच्या देखरेखीखाली निघालेल्या छापांच्या समासात ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेले’, अशी मुद्रा असते. ती नसेल तर छाप नंतरचा आहे असे धरूनच किमतीची बोलणी करावीत. पेन्सिलीची सही भिंगातून पाहावी: खऱ्या सहीत शिशाची चमक आणि दाबाचा चढउतार दिसतो, तर निधनोत्तर प्रतींवरील सही शिक्क्याने उठवलेली, एकसारखी असते.

सोसाकु-हांगात समासाची पद्धत पाश्चात्त्य: पेन्सिलीने सही, शीर्षक, आणि प्रतक्रमांक, जसे पन्नासांपैकी बारावी प्रत. मात्र ‘स्वतः छापा’ या ब्रीदावर डोळे झाकून विसंबू नये. ओनचींनी १९४३ मध्ये कवी हागिवारा साकुतारो यांचे जे प्रसिद्ध व्यक्तिचित्र केले, त्याच्या मोजक्याच प्रती त्यांनी स्वतः छापल्या. पुढच्या प्रती इतर सहकाऱ्यांनी काढल्या.

आठवी पायरी : दोष मोजा आणि मग किंमत ठरवा

रंग उडणे हा सर्वांत गंभीर दोष, कारण तो दुरुस्त होत नाही. चौकटीच्या आतल्या पुठ्ठ्याखाली झाकलेली कड आणि उघडा भाग यांची तुलना केली की किती रंग गेला ते लगेच दिसते. त्यानंतर पुठ्ठ्याच्या कडेने पडलेली तपकिरी चौकट, चिकटपट्टीचे डाग, ओलीचे तांबूस ठिपके, कसरीने खाल्लेली भोके आणि कापलेले समास पाहावेत. समास कापला की त्यासोबत मुद्रा आणि सालही जाते, म्हणून चित्र पूर्ण असले तरी किंमत बरीच उतरते. मधोमध पडलेली सौम्य घडी मात्र मी सहन करतो.

किमतीबाबत आकडे देण्यात अर्थ नाही, ते लिलावागणिक बदलतात. क्रम मात्र स्थिर आहे. हयातीतला, पूर्ण समासाचा, न उडालेला छाप सर्वांत वर. त्याच ठशांवरचा निधनोत्तर छाप त्याच्या खाली. नव्याने कोरलेली, हाताने छापलेली प्रतिकृती त्याही खाली. यातली शेवटची पायरी कमी लेखू नये. टोकियोच्या मेजिरो भागातील आदाची संस्थेसारख्या कार्यशाळांत आजही कोरणारे आणि छापणारे जुन्या पद्धतीने काम करतात, आणि ज्याला होशो कागदाचा स्पर्श आणि बोकाशीची मऊ छटा घरात हवी आहे त्याने प्रामाणिकपणे ‘प्रतिकृती’ म्हणून विकली जाणारी अशी प्रत घेणे हा उत्तम आरंभ आहे. नव्या, हयात कलावंतांचे मूळ काम घेणे हाही तितकाच चांगला मार्ग आहे. टोकियोत १९५६ पासून महाविद्यालयीन महिलांची एक संस्था दरवर्षी समकालीन छापांचे प्रदर्शन भरवत आली आहे, आणि २०११ मध्ये जपानमध्ये सुरू झालेल्या जलरंगी काष्ठछापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत अनेक देशांचे कलावंत जमतात.

विक्रेत्याला लेखी विचारावे: छपाईचा अंदाजे काळ कोणता आणि तो कोणत्या मुद्रेवरून ठरवला, पाठीचे छायाचित्र मिळेल का, समास पूर्ण आहेत का, कुठे दुरुस्ती किंवा रंगभरणी झाली आहे का, आणि वर्णनाशी न जुळल्यास परत घ्याल का. जाणकार विक्रेत्याला हे प्रश्न आवडतात.

नववी पायरी : आपल्या हवेत छाप जपा

जपानी कागद टिकाऊ असला तरी कोकणातला किंवा मुंबईतला पावसाळा त्याची परीक्षा पाहतो. मोठ्या आकाराचा छाप साधारण ३९ बाय २७ सेंटिमीटरचा असतो. त्याच्यासाठी आम्लरहित पुठ्ठ्याची दुमडती घडी करून छाप आत ठेवावा आणि ती घडी सपाट, झाकणबंद खोक्यात आडवी ठेवावी. छाप पुठ्ठ्याला कधीही डिंक, फेव्हिकॉल किंवा चिकटपट्टीने लावू नये. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन छोट्या बिजागऱ्या गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने लावाव्यात. ती खळ पुढे कधीही पाण्याने सुटते.

भिंतीवर लावायचा असेल तर अतिनील किरण अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक वापरावे आणि कागद काचेला चिकटू नये म्हणून मध्ये पुठ्ठ्याची जाडी ठेवावी. बाहेरची, ओल धरणारी भिंत टाळावी. संग्रहालये अशा छापांवर ५० लक्सच्या आसपासच मंद उजेड ठेवतात आणि काही महिन्यांनी त्यांना काळोखात विश्रांती देतात. घरीही तीन महिन्यांहून अधिक काळ एकच छाप लावून ठेवू नये. मी आषाढ लागण्यापूर्वी भिंतीवरचे सगळे छाप उतरवतो, खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या कागदाला न लागतील अशा ठेवतो, आणि दसऱ्यानंतर कोरड्या दिवशी एकेक घडी उघडून बुरशी आणि कसर तपासतो. डांबराच्या गोळ्या छापाच्या खोक्यात घालू नयेत. बुरशी दिसलीच तर पुसू नये. तो छाप इतरांपासून वेगळा करून कोरड्या हवेत ठेवावा आणि कागदसंवर्धन जाणणाऱ्या व्यक्तीला दाखवावा.

शेवटी प्रत्येक छापासाठी एक कागद करावा: चित्रकार, शीर्षक, मुद्रेचे वर्णन आणि तिचे मिलिमीटरमधील माप, छपाईचा अंदाजे काळ, घेतल्याची तारीख, पाठीची अवस्था, आणि तो किती दिवस उजेडात राहिला. ही नोंद पेन्सिलीने, घडीच्या बाहेरच्या बाजूवर लिहावी. छापाच्या पाठीवर काहीही लिहू नये, पेन्सिलीनेसुद्धा, कारण आधी कोणी केलेली एखादी फिकट नोंद तिथे असू शकते आणि पुढचा पाहणारा तीच शोधत येईल.